मोर्चा अडतो तिथून

कोलकात्याच्या एस्प्लनेड चौकात उभं राहिलं की पश्चिम बंगालची सत्ता पायी गाठता येईल इतकी जवळ असते. राणी राशमणी अ‍ॅव्हेन्यूने पश्चिमेकडे निघायचं, राज्यपालांच्या निवासस्थानाचं कुंपण उजव्या हाताला ठेवायचं, की थोड्याच वेळात १९३१ साली उघडलेली विधानसभेची इमारत दिसते. तिथून उत्तरेला लाल विटांची रायटर्स बिल्डिंग आहे. २०१३पर्यंत मुख्यमंत्री तिथेच बसत. चौकाच्या दक्षिणेला मैदान आणि त्यात ४८ मीटर उंचीचा शहीद मिनार. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली माणसं हावडा आणि सियालदहला उतरतात, मिनाराखाली जमतात, भाषणं होतात आणि मोर्चा विधानसभेकडे वळतो; मुख्यमंत्री तिथे बसत तोवर रायटर्सकडेही वळत असे. पोहोचत मात्र नाही. पुढे जमावबंदी असते, रस्त्यात आडवे अडथळे असतात आणि त्यांच्यामागे पोलिसांच्या रांगा. बंगालच्या राजकारणातले कितीतरी निर्णायक दिवस या एवढ्याशा अंतरात घडले.

ज्योती बसूंनी या अंतराच्या दोन्ही टोकांना उभं राहून आयुष्य काढलं. १९४६ पासून १९७७ पर्यंत, मधली दोन अल्पायुषी सरकारं सोडली तर, ते अडथळ्याच्या अलीकडे होते. १९७७ ते २००० पलीकडे. त्यांना जोखायचं तर दोन्हीकडे एकच माप लावलं पाहिजे, हा या पुस्तकाचा आग्रह आहे. मला तो मनापासून पटला, म्हणून प्रस्तावना लिहायचं मान्य केलं.

मराठीत राजकीय चरित्रांना तोटा नाही. पण त्यांत एक अलिखित उतरंड आहे. दिल्लीला गेलेला नेता मोठा आणि राज्यात राहिलेला त्याच्या खालचा. यशवंतराव चव्हाणांवर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या पासंगालाही वसंतराव नाईकांवरचं लेखन पुरत नाही. १९६३ ते १९७५ एवढा काळ ज्यांनी महाराष्ट्र चालवला त्यांची ही गत. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख २०२१ मध्ये गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या साधेपणाचं भरभरून कौतुक केलं. त्यांनी सभागृहात पाण्यावर, रोजगार हमीवर, दुष्काळावर काय मांडलं, कोणत्या मंत्र्याला कुठे अडवलं, हे मात्र कामकाजाच्या खंडांत पडून आहे.

वास्तविक सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याशी ज्या सरकारची गाठ पडते ते राज्याचं सरकार. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, जमीन, शेती, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य हे सगळं राज्याकडे दिलेलं आहे. सातबाऱ्यावर नाव लागतं की नाही, ठाण्यात तक्रार घेतात की नाही, दवाखान्यात डॉक्टर सापडतो की नाही, ग्रामपंचायतीला पैसा मिळतो की नाही, हे मुंबईत किंवा कोलकात्यात ठरतं. राज्याच्या राजकारणात हयात घालवणाऱ्या माणसाचा अभ्यास म्हणजे या सगळ्याचा अभ्यास.

जगात इतरत्र ही जाण दिसते. ऑस्ट्रेलिया हाही आपल्यासारखा राज्यांचा संघ. तिथे राज्याच्या प्रमुखाला प्रीमियर म्हणतात आणि तिथल्या राष्ट्रीय चरित्रकोशात राज्याराज्यांतल्या नेत्यांना ऐसपैस जागा आहे. साउथ ऑस्ट्रेलियात टॉमस प्लेफर्ड १९३८ ते १९६५ अशी सलग सव्वीस वर्षं प्रीमियर होते. ग्रामीण मतदारसंघांना जादा वजन देणारी मतदारसंघरचना त्यांच्या दीर्घ सत्तेमागे कशी होती, याची तिथे बारकाईने चिकित्सा झाली. क्वीन्सलँडचे जो ब्येल्की-पीटरसन १९६८ ते १९८७ सत्तेवर होते. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी रस्त्यावरच्या राजकीय मोर्च्यांचे दिवस संपल्याचं जाहीर केलं आणि पुढे शेकडो लोकांना अटक झाली. त्याच वर्षी जूनमध्ये, रस्त्यावरच्या मोर्च्यांतून घडलेला एक माणूस कोलकात्यात मुख्यमंत्री झाला होता. दीर्घकाळ सत्तेवर असलेल्या राज्यनेत्याला मोर्चा कसा दिसतो, हा प्रश्न एकट्या बंगालचा नाही.

ज्योतिरिंद्र बसूंचा जन्म ८ जुलै १९१४ चा, कोलकात्यातल्या हॅरिसन रोडवरचा. वडील डॉक्टर, कुटुंब मूळचं ढाक्याजवळच्या बारुदी गावचं. शाळेत नाव आखूड होऊन ज्योती झालं. पहिली शाळा धर्मतल्ल्यातली लोरेटो, म्हणजे एस्प्लनेडच्या हाकेच्या अंतरावर. मग सेंट झेवियर्स, प्रेसिडेन्सी कॉलेज आणि १९३५ मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडन. तिथे हॅरी पॉलिट आणि रजनी पाम दत्त या ब्रिटिश साम्यवादी नेत्यांचा सहवास लाभला, राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लास्कींची व्याख्यानं ऐकली, भूपेश गुप्तांसारखे सोबती मिळाले. १९४० च्या जानेवारीत ते परत आले ते वकिलीची सनद घेऊन आणि वकिली न करण्याचा निश्चय करून. सुखवस्तू घरातली मुलं साम्यवादी होण्याची त्या पिढीत लाटच होती, त्यामुळे इथवर फार वेगळं काही नाही. वेगळेपण सुरू होतं ते रेल्वे कामगारांत. बॅरिस्टर झालेला हा तरुण यार्डांतून आणि कामगारांच्या चाळींतून हिंडला, संघटना बांधली आणि १९४६ मध्ये रेल्वे कामगारांच्या राखीव मतदारसंघातून हुमायून कबीर यांना हरवून बंगालच्या विधानसभेत गेला.

साम्यवादी पक्षाचे त्या सभागृहात तिघेच होते: बसू, दार्जिलिंगचे रतनलाल ब्राह्मण आणि दिनाजपूरचे रूपनारायण राय. निवडून आल्याला काही महिने होतात तोच १६ ऑगस्ट उजाडला. मुस्लिम लीगची सभा याच मैदानात झाली आणि त्यानंतर शहरात जी कत्तल उसळली तिने फाळणी जवळजवळ अटळ केली.

इथे मराठी वाचकाला एक ओळखीचा माणूस भेटतो. फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये पक्षाचं दुसरं अधिवेशन कोलकात्यात भरलं आणि सरचिटणीसपदी भालचंद्र त्र्यंबक रणदिवे आले. मिळालेलं स्वातंत्र्य खोटं आहे आणि उठावाची वेळ झाली आहे, ही रणदिव्यांची मांडणी. त्याच मार्चमध्ये बंगाल सरकारने पक्षावर बंदी घातली. बसूंना अटक झाली, सुटकेनंतर भूमिगत राहावं लागलं. १९५० मध्ये रणदिव्यांची भूमिका पक्षाने मागे घेतली. बसूंच्या वाट्याला आलेला धडा निराळा होता. सभागृहातली जागा सोडून दिली की कामगाराचा प्रश्न विचारणारं तिथे कोणी उरत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढची पन्नास वर्षं विधानसभेचं दार त्यांनी आपणहून एकदाच सोडलं. त्याविषयी पुढे.

१९५२ मध्ये ते बरानगरमधून निवडून आले आणि समोर मुख्यमंत्री म्हणून डॉ. बिधानचंद्र राय होते. या दोघांतलं नातं भारतीय संसदीय इतिहासात दुर्मीळ म्हणावं असं आहे. वयात बत्तीस वर्षांचं अंतर, विचारांत दोन टोकं, आणि तरीही परस्परांविषयी आदर. सभागृहात स्थगन प्रस्ताव, कपात सूचना, सभात्याग यांचा बसूंनी चिवट वापर केला. त्यांचं वक्तृत्व फुलोऱ्याचं नव्हतं. वाक्य अर्ध्यावर सोडायचे, हसायचे क्वचित, आकडे मात्र तयार असायचे. आपल्याकडे आचार्य अत्र्यांच्या भाषणांना मंत्री घाबरत. राय यांच्या मंत्रिमंडळाला बसूंच्या प्रश्नांचा धाक होता.

या दशकातली आंदोलनं एकामागून एक पाहिली पाहिजेत. १९५३ च्या जुलैमध्ये इंग्रज मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं. एका पैशासाठी शहर पेटलं आणि अखेर वाढ मागे घ्यावी लागली. १९५४ मध्ये शिक्षकांनी पगारासाठी राजभवनाजवळ ठिय्या दिला. तेव्हा अटक टाळण्यासाठी बसूंनी विधानसभेच्या इमारतीचाच आसरा घेतला होता. १९५६ मध्ये डॉ. राय यांनी बंगाल आणि बिहार एकत्र करण्याची योजना मांडली. तेव्हा मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं छातीवर गोळ्या झेलत होती. कोलकात्यात लोकसभेच्या एका पोटनिवडणुकीत विलीनीकरणाच्या विरोधातले मोहित मैत्र निवडून आले आणि डॉ. राय यांनी योजना गुंडाळली. दोन शहरं एकाच सुमारास भाषक राज्याच्या प्रश्नावर लढत होती आणि एकाने मतपेटीतून उत्तर मिळवलं, याची मराठीत फारशी दखल घेतली गेलेली नाही.

आणि मग ३१ ऑगस्ट १९५९. तांदूळ बाजारातून गायब झाला होता, भाव भडकले होते. भाववाढ आणि दुष्काळ प्रतिकार समितीच्या हाकेला ओ देऊन खेड्यांतून हजारो शेतमजूर, बायका, म्हातारी माणसं मिनाराखाली जमली. संध्याकाळी मोर्चा रायटर्सच्या दिशेने निघाला आणि एस्प्लनेडला अडवला गेला. पुढे जे झालं ते मुख्यतः लाठ्यांनी झालं. चारी बाजूंनी घेरलेल्या, वाटा ठाऊक नसलेल्या गावकऱ्यांना पोलिसांनी बडवून काढलं. आंदोलकांच्या हिशेबाने त्या दिवसांत ८० जण मेले. डावे पक्ष आजही ३१ ऑगस्ट पाळतात. मराठी माणसाला हे समजायला फार कल्पना लढवावी लागणार नाही. २१ नोव्हेंबर १९५५ चा मोर्चाही विधिमंडळाकडेच निघाला होता आणि फ्लोरा फाउंटनला अडवला गेला होता. नंतर त्या जागेचं नाव बदललं. कोलकात्यातही १९६९ मध्ये ऑक्टरलोनी मॉन्युमेंटचा शहीद मिनार झाला.

१९५७ ते १९६७ बसू विरोधी पक्षनेते होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर वर्षभर स्थानबद्ध. १९६४ मध्ये पक्ष फुटला. एका बाजूला श्रीपाद अमृत डांगे, दुसऱ्या बाजूला रणदिवे. बसू राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडलेल्या ३२ जणांत होते आणि मार्क्सवादी पक्षाच्या पहिल्या नऊ जणांच्या पॉलिट ब्यूरोत रणदिव्यांच्या शेजारी. फुटीच्या सैद्धांतिक बाजूवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे रेंगाळायचं कारण दिसत नाही.

रेंगाळावं अशी जागा म्हणजे १९६७ ते १९७०. अजय मुखर्जींच्या नेतृत्वाखाली दोनदा संयुक्त आघाडीचं सरकार आलं आणि बसू दोन्ही वेळा उपमुख्यमंत्री झाले. पहिल्यांदा अर्थ आणि वाहतूक, दुसऱ्यांदा गृह. पहिल्याच सरकारच्या काळात, २५ मे १९६७ ला, नक्षलबाडीत पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलंही होती. मार्क्सवादी पक्ष सत्तेत सहभागी असताना गरीब शेतकऱ्यांवर गोळी चालली होती. त्या दिवशी सुरू झालेला वाद अजून संपलेला नाही. गडचिरोलीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

३१ जुलै १९६९ ला याच्या नेमकं उलट घडलं. चकमकीत मारल्या गेलेल्या सहकाऱ्याचा मृतदेह घेऊन पोलिसांचाच मोर्चा विधानसभेवर आला. अडवणारेच आता मोर्च्यात होते, त्यामुळे हा मोर्चा पोहोचला. जमाव आत घुसला, मोडतोड झाली, आमदार पळाले. गृहखातं बसूंकडे होतं. ते आपल्या खोलीतून हलले नाहीत. दारातून आत शिरलेल्या गणवेशातल्या माणसांना त्यांनी समोरासमोर सुनावलं आणि जमाव ओसरला. पुढच्याच वर्षी ३१ मार्चला पाटणा स्टेशनवर त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ते वाचले, शेजारी उभे असलेले अली इमाम गेले.

१९७२ च्या निवडणुकीत बरानगरमध्ये बसू हरले. निवडणूक लुबाडली गेली असं म्हणत मार्क्सवादी पक्षाने त्या विधानसभेवर बहिष्कार घातला. दार आपणहून सोडलं ते हेच. पाच वर्षं सिद्धार्थ शंकर राय यांच्या काँग्रेस सरकारला सभागृहात धारेवर धरणारं मुख्य माणूसबळ बाहेर राहिलं, आणि त्यातच आणीबाणी आली. लेखकाने या बहिष्काराची कारणं सहानुभूतीने मांडली आहेत. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, आणि बसूंच्या सगळ्या घडणीशी विसंगतही.

२१ जून १९७७ ला बसू मुख्यमंत्री झाले. २९४ पैकी २३१ जागा डाव्या आघाडीला होत्या. सरकार रायटर्सच्या खोल्यांतून चालणार नाही असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि पहिल्या काही वर्षांत ते खरं करून दाखवलं. १९७८ च्या जूनमध्ये तिन्ही स्तरांवरच्या पंचायत निवडणुका पक्षचिन्हांवर घेतल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ मध्येच आल्या होत्या, पण आपल्याकडे ग्रामपंचायत आजही चिन्हाबाहेर लढवली जाते आणि गावकीचं राजकारण भावकीच्या आडोशाने चालतं. बंगालने ते उघड्यावर आणलं. याने गावातला जमीनदार मागे हटला हे खरं; पक्षाचा माणूस त्याच्या जागी बसला हेही खरं.

त्याच वर्षी ऑपरेशन बर्गा सुरू झालं. बर्गादार म्हणजे आपला बटाईदार, अर्धेलीने शेत कसणारा. कायद्याने त्याला वाटा आणि कसण्याचा हक्क आधीच दिला होता, पण त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नव्हतं, त्यामुळे कोर्टात त्याच्या हाती काहीच नसे. पूर्वी महसूल कर्मचारी गावात येत, मालकाच्या घरी उतरत, तिथेच चहापाणी होई आणि नोंद कोरी राही. आता अधिकाऱ्यांनी दिवसभराचं काम संपल्यावर, संध्याकाळी, मजुरांच्या वस्तीत बैठका घ्यायच्या, सगळ्यांसमोर एकेकाचा दावा ऐकायचा, शेतावर जाऊन पडताळायचा आणि दाखला हातात द्यायचा, अशी पद्धत घालून दिली. मंत्री विनय चौधरी आणि जमीन सुधारणा आयुक्त देवव्रत बंदोपाध्याय यांचं हे काम. कालांतराने नोंदींची संख्या १४ लाखांच्या वर गेली. आपल्या कूळकायद्याशी ताडून पाहावं असं यात बरंच आहे. कसेल त्याची जमीन म्हणत १ एप्रिल १९५७ ला आपण कुळाला मालक केलं, पण कूळ म्हणून नोंद होण्याआधीच कितीकांना जमिनीवरून उठवलं गेलं होतं. बंगालने मालकी दिली नाही, आधी नोंद पक्की केली. अभिजित बॅनर्जी, पॉल गर्टलर आणि मैत्रीश घटक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या नोंदींमुळे शेतीचं उत्पादन वाढल्याचं दाखवलं. बसूंच्या जमेच्या बाजूला याहून मोठं काही नाही.

खर्चाच्या बाजूचं पहिलं नाव मरिचझांपी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या, बहुतांशी नमशूद्र असलेल्या निर्वासितांना दंडकारण्यात पाठवलं होतं. चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही माणसं अनोळखी नाहीत. विरोधात असताना डाव्यांनी त्यांच्या बंगालमधल्या पुनर्वसनाची मागणी लावून धरली होती. सत्ता आल्यावर त्यातले हजारो लोक आशेने सुंदरबनात आले आणि मरिचझांपी बेटावर त्यांनी वस्ती उभारली. सरकारने राखीव जंगलाचं कारण दिलं. १९७९ च्या जानेवारीत बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडलं, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वस्ती जाळून लोकांना परत पाठवलं. मृतांच्या आकड्यांत सरकारी आणि बिगरसरकारी हिशेबांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९५९ मध्ये भुकेल्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाच्या सरकारने वीस वर्षांनी भुकेचाच शस्त्रासारखा वापर केला. हे वाक्य मी जपून लिहितो आहे, आणि मागे घेण्याचं कारण मला सापडत नाही.

दुसरी नोंद २१ जुलै १९९३ ची. मतदारांना छायाचित्र असलेलं ओळखपत्र सक्तीचं करा, या मागणीसाठी युवक काँग्रेसचा मोर्चा ममता बॅनर्जींच्या नेतृत्वाखाली रायटर्सकडे निघाला. एस्प्लनेडच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. तेरा जण मेले. पोलीस खातं मुख्यमंत्र्यांकडेच होतं. बसूंनी पोलिसांची पाठराखण केली. १९५९ चा लाठीमार आणि १९९३ चा गोळीबार यांच्यामध्ये जागेचं अंतर जवळजवळ नाही. तृणमूल काँग्रेस दरवर्षी हा दिवस एस्प्लनेडलाच पाळत आली. एकाच चौकातल्या हुतात्म्यांचे असे दोन दिवस, दोन पक्षांचे. आपल्याकडे २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. अधिवेशनाच्या दारात आलेल्या माणसाला कोणी सामोरं जायचं, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही राज्यांच्या सरकारांपाशी नव्हतं.

उद्योगांची पीछेहाट, प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढणं, वीजटंचाई, संप आणि बंद यांविषयी महाराष्ट्रात बरंच बोललं जातं, बहुधा कुत्सितपणे. त्यात रेल्वे वाहतुकीच्या समान दरांचं केंद्राचं धोरण विसरलं जातं. कोळसा आणि पोलाद देशभर एका भावात मिळू लागल्यावर बंगालचा नैसर्गिक फायदा गेला आणि त्याचा लाभ मुंबई-पुण्यालाही झाला. तेवढ्याने बसूंची सुटका होत नाही. खासगी गुंतवणुकीचं स्वागत करणारं औद्योगिक धोरण त्यांनी १९९४ मध्ये मांडलं. ते दहा वर्षं आधी सुचायला हवं होतं. एस्प्लनेडखालून भवानीपूरला देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला धावली, ती केंद्राच्या रेल्वे खात्याची. त्याच शहरात तेव्हा विजेचा भरवसा नव्हता.

१९९६ च्या पंतप्रधानपदाविषयी मी थोडक्यात आटपतो. पक्षाच्या केंद्रीय समितीने नकार दिला, बसूंनी तो मानला आणि नंतर त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. बसूंचं नाव निघालं की लोक या एका गोष्टीवर येऊन थांबतात, जणू बाकीची पन्नास वर्षं तिची पूर्वतयारी होती. दिल्लीकडे डोळे लावून चरित्र वाचण्याची जी खोड मी वर सांगितली, तिचं हे ठळक उदाहरण.

बसूंवरच्या लेखनाच्या चार वाटा ढोबळमानाने दिसतात. पहिली त्यांच्या स्वतःच्या आणि पक्षाच्या बाजूची: ‘जतदूर मने पडे’ हे आत्मकथन, सुरभी बॅनर्जी यांनी लिहिलेलं चरित्र, गौतम घोष यांचा माहितीपट. यांत तपशील मुबलक, अडचणीचे प्रश्न कमी. दुसरी सहकाऱ्यांची, तिच्यात अर्थमंत्री राहिलेले अशोक मित्र यांचं ‘आपिला-चापिला’ सर्वांत वाचनीय, कारण जिव्हाळा आणि मतभेद दोन्ही त्यात जागच्या जागी आहेत. तिसरी अभ्यासकांची. अतुल कोहली यांनी १९८७ मध्ये बंगालच्या सरकारकडे गरिबांच्या बाजूने काम करू शकणारं शिस्तबद्ध सरकार म्हणून पाहिलं. रॉस मलिक यांनी १९९३ मध्ये त्याच सुधारणांचा पोकळपणा दाखवला आणि मरिचझांपीवर सातत्याने लिहिलं. द्वैपायन भट्टाचार्य यांनी २०१६ च्या पुस्तकात गावातलं लग्न, भांडण, दवाखाना सगळं पक्षाच्या माणसामार्फत चालू लागलं, त्या समाजाची घडण उलगडली. मला या तिघांत भट्टाचार्य सर्वांत पटतात. सत्ता गावात नेली तेव्हाच ती गावात अडकली, हे त्यांच्यामुळे कळतं. चौथी वाट साहित्याची. अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ने २००४ मध्ये मरिचझांपी जगभर नेलं, आणि मनोरंजन ब्यापारींसारख्या दलित निर्वासित लेखकाने तो काळ खालून सांगितला.

मराठीत यातलं फार थोडं आलंय. आपल्या डाव्या चळवळीने रशिया-चीनवर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. चौतीस वर्षं निवडणुका जिंकणाऱ्या शेजारच्या प्रयोगाची नीट नोंद मात्र ठेवली नाही. आज तिची गरज अधिक आहे. २०११ मध्ये डाव्यांची सत्ता गेली आणि २०२१ मध्ये स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच पश्चिम बंगालच्या विधानसभेत त्यांचा एकही आमदार नव्हता. ज्या बाकांवरून १९४६ मध्ये तिघांनी सुरुवात केली होती, तिथे तीनही उरले नाहीत. सर्वांत दीर्घ मुख्यमंत्रिपदाचा बसूंचा विक्रम २०१८ मध्ये सिक्कीमचे पवन चामलिंग यांनी मागे टाकला, २०२३ मध्ये नवीन पटनायकही त्यांच्या पुढे गेले. एकाच माणसाने वीस-वीस वर्षं राज्य चालवणं ही आता अपूर्वाई राहिलेली नाही, आणि अशा सत्तेत विरोधी पक्षाचं, पोलिसांचं, पंचायतीचं काय होतं हे तपासण्याचं साधन आपल्यापाशी तोकडं आहे.

हे पुस्तक ती उणीव एका माणसापुरती भरून काढू पाहतं. लेखकाने चरित्राचा सरळ धागा ठेवला आहे, पण वजन दिलं आहे ते सभागृहातल्या भाषणांना आणि रस्त्यावरच्या दिवसांना. विरोधी पक्षनेता म्हणून बसूंनी एखाद्या गोळीबारावर काय विचारलं आणि मुख्यमंत्री म्हणून तशाच प्रश्नाला काय उत्तर दिलं, हे वाचकाला शेजारीशेजारी ठेवून पाहता येईल. घरगुती आयुष्य, दरसालच्या लंडनवाऱ्या, कुटुंबीयांवरची चर्चा यांना जागा कमी आहे. मला ती निवड योग्य वाटते. काही ठिकाणी मी लेखकाशी सहमत नाही. १९७२ च्या बहिष्काराबद्दल वर लिहिलंच आहे. दार्जिलिंगच्या गोरखालँडच्या प्रश्नाला, त्यावरच्या १९८८ च्या कराराला आणि रतनलाल ब्राह्मणांच्या पहाडाला आणखी पानं हवी होती. कोलकात्यावर लिहिताना उत्तर बंगाल हातून निसटतो, ही त्या राज्याच्या राजकारणाचीच जुनी तक्रार आहे.

मरिचझांपीच्या मृतांची संख्या लेखकाने ठरवून टाकलेली नाही. सरकारचं म्हणणं, वाचलेल्यांच्या साक्षी आणि अभ्यासकांचे अंदाज दिले आहेत आणि त्यांच्यातली दरी तशीच ठेवली आहे. हस्तलिखित वाचताना मी इथे एका आकड्याचा आग्रह धरला होता. लेखकाचं म्हणणं असं की नाकेबंदीच्या काळात बेटावर जाणाऱ्या पत्रकारांना अडवलं गेलं, स्वतंत्र चौकशी वेळेवर झाली नाही, आणि या दोन्ही गोष्टींची जबाबदारी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांवर आहे. ती आकड्याने झाकली जाऊ नये. पुस्तकात ते तसंच छापलं आहे.